काठावर पाय देऊ नका

आमच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक होडीला आधी थाप मारतं. मग अंगठ्यानं दाबून बघतं, वाकून वास घेतं आणि शेवटी बुटाच्या टोकानं हळूच एक लाथ घालतं. म्हशी आणि ट्रॅक्टर पारखून घेणाऱ्या जिल्ह्यात रबरी होडी विकायची म्हटल्यावर हे चालायचंच. ‘टणक हाय की!’ असा दाखला मिळाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘ह्याहून मोठी न्हाय का?’

गेली तीस-एक वर्षं मी कोल्हापुरात हवेच्या होड्या विकतो आणि दुरुस्त करतो. लोकांना हे खरं वाटत नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं, ‘पावणं, काय करता तुम्ही?’ आणि मी सांगितलं, की विचारणारा आधी हसतो, मग बायकोला हाक मारतो आणि मला तेच पुन्हा सांगायला लावतो. यात त्यांचा काही दोष नाही. समुद्र आमच्यापासून घाट उतरून तीन तासांवर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे नदी, तलाव आणि विहीर.

वडिलांचं ट्रक-ट्रॅक्टरच्या ट्यूबा सांधायचं दुकान होतं. एका पुरानंतर कुणीतरी फाटलेली बचावाची होडी आणून दारात टाकली आणि म्हणालं, ‘बघा काय जमतंय का.’ वडिलांनी चष्मा वर सरकवला, होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, ‘ही बी ट्यूबच की रं. जरा लांबडी.’ त्यांनी ती सांधली, आणि आमचं नशीब त्या ठिगळाला चिकटलं. पुढं प्रत्येक पुरानंतर होड्या आमच्या दारात यायच्या. कुठं पत्र्यानं चिरलेल्या, कुठं बाभळीच्या काट्यांनी चाळण झालेल्या. मी लावलेल्या ठिगळांवरून माणसं पार झालीत, धान्याची पोती पार झालीत, एक रेडकू आणि एक टीव्हीसुद्धा एकाच फेरीत पार झालाय. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र मी इतकी वर्षं लपवली. खाऱ्या पाण्यावर मी स्वतः कधी होडीत बसलो नव्हतो. गिऱ्हाइकाशी भरती-ओहोटीबद्दल इतक्या अधिकारानं बोलायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, याचा जन्मच गलबतावर झालाय.

धंदा तसा समजायला सोपा आहे. हवेची होडी म्हणजे दोन बाजूंना दोन जाड नळ्या आणि मध्ये तळ. नळ्यांचे कप्पे वेगवेगळे असतात. एक बसला तरी दुसरा तरंगत राहतो. तळ तीन तऱ्हांचा. फळ्यांचा, हवा भरायचा किंवा खालून फायबरचा. फळ्यांचा भक्कम पण जड. हवेचा हलका, गुंडाळून पिशवीत बसतो. फायबरचा पळायला झकास, पण त्याची घडी होत नाही. लोक येऊन इंजिन किती ताकदीचं ते विचारतात. मी उलटे प्रश्न विचारतो. बसणार कोण? उचलणार कोण? किनारा वाळूचा, चिखलाचा की खडकाचा? आणि काम झालं की होडी ठेवणार कुठं? एवढ्या चार उत्तरांत होडी आपोआप ठरते.

हवेबद्दल तर आमच्या लोकांचं काय सांगावं! ट्रॅक्टरच्या टायरसारखी टणक भरल्याशिवाय समाधान नाही. सकाळी गारव्यात ठासून भरायची, दिवसभर उन्हात ठेवायची, आणि दुपारी शिवण उसवली की माझ्या नावानं शिमगा. हवा उन्हात फुगते, पाण्यात गेली की आकसते, हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. ते वाचूनही लोक म्हणतात, ‘ते खरं हो, पर अजून चार झटकं मारा की.’

कबनूरचे एक यंत्रमागवाले असेच घाईत होडी घेऊन गेले. शेततळ्यात मुलाच्या लग्नाचे फोटो काढायचे होते. मी विचारलं, बसणार कोण? ‘नवरा-नवरी.’ माझं समाधान झालं. ती दोघं काय नेसून बसणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. शालूला मापात ठेवायला नवरीच्या अंगावर कमीत कमी तीस सेफ्टी पिना होत्या. त्यातली एक उघडली. तासाभरानं मालकांचा फोन आला, ‘ओ, होडी एका अंगानं बसली की! नवरदेव पाण्यात हाय!’

‘आणि नवरी?’

‘नवरी वर हाय. दुसऱ्या अंगाला. बसलीया निवांत.’

‘मग काळजी करू नका,’ मी म्हणालो, ‘कप्पे वेगवेगळे असतात.’ मागून फोटोग्राफरचा आवाज ऐकू येत होता, ‘सर, तसंच थांबा, लई भारी येतंय!’ कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला नवरदेव आणि वर महाराणीसारखी बसलेली नवरी, हा फोटो आज त्यांच्या दिवाणखान्यात आहे. आणि तेव्हापासून माझ्या दुकानाचा नियम आहे. चुलतभाऊ तानाजीच्या मळ्यातल्या विहिरीत बसून दाखवल्याशिवाय होडी विकायची नाही. चांगली ऐसपैस बांधीव विहीर आहे, पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. धक्क्यावरून होडीत उतरायचं म्हणजे काय, ते शेवटच्या पायरीवर बरोबर कळतं.

हा नियम मी मोठ्या तोऱ्यात पाळत होतो. त्यात भोक आहे, हे मला मुरगूडच्या एका वहिनींनी दाखवलं.

त्यांचे यजमान आण्णा. साखर कारखान्यात इंजिनिअर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आवाज असा की यंत्रं चालू असताना दुसऱ्या टोकाला ऐकू जावा, आणि तोच आवाज ते चहा मागतानाही लावायचे. दुकानात शिरताच म्हणाले, ‘टेंडर पायजे.’ मी म्हटलं, साहेब, आम्ही सरकारी कामं घेत नाही. ते गडगडाटी हसले आणि त्यांनी समजावून सांगितलं. त्यांनी देवगडकडच्या एका खाडीत जुनी, छोटी शिडाची यॉट घेतली होती. यॉटच्या पोटाखाली वजनदार पातं असतं, त्यामुळं ती किनाऱ्याला लागत नाही, खोल पाण्यात नांगरून उभी राहते. किनाऱ्यावरून तिच्यापर्यंत जायला जी छोटी होडी लागते, तिला टेंडर म्हणतात.

‘गळीत हंगामात आमास्नी घर म्हाईत न्हवतं,’ आण्णा म्हणाले. ‘हिला कधी कुठं न्हेलं न्हाय. दरसाली म्हनायचो, रिटायर झालो की तुला समुद्रावर न्हेतो. आता शब्द पाळतोय.’

‘हिला’ म्हणजे वहिनी. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्याकडे पाठ करून आण्णांना प्रश्न विचारायला लागलो.

बसणार कोण? ‘आमी दोघं.’ उचलणार कोण? ‘मी हाय की!’ किनारा? ‘वाळू हाय, थोडा खडक हाय.’ ठेवणार कुठं? ‘ते बघू की नंतर!’ आण्णांनी थाप मारली, लाथ घातली आणि ह्याहून मोठी दाखवायला सांगितलं. मलाही चेव चढला. असं जाणतं गिऱ्हाईक रोज येत नाही. फळ्यांच्या तळाची, जाडजूड नळ्यांची, मागं इंजिन लावायची एक दांडगी होडी मी त्यांच्यासमोर फुगवली. विहिरीवर गेलो. आण्णा उतरले, बसले, उभे राहिले, आत नाचून दाखवलं. वहिनी वरच्या पायरीवर पिशवी धरून उभ्या होत्या. मी नियम पाळला होता. तानाजीनं ऊस सोलून दिला, तो खाऊन सगळे आनंदात घरी गेलो.

दीड महिन्यानं आण्णांची जीप दारात आली. होडी मागं टाकलेली होती. आण्णा खाली उतरले आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, ‘ही इकून टाका. यॉटचं बी गिऱ्हाईक बघाय लागलोय.’

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग हळूहळू बाहेर आलं. ओहोटीला पाणी लांब गेलं होतं. इंजिनासकट ती होडी दोघांना उचलेना, म्हणून वाळूतून आणि खडकावरून ओढली. कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं बूड खरवडलं. वहिनींची चढायची वेळ आली तेव्हा आण्णा म्हणाले, ‘काठावर पाय दे आणि ये आत, रबर हाय, काय होतंय त्याला!’ ओल्या नळीवरून वहिनींचा पाय सटकला. त्या गुडघ्यावर आपटल्या आणि कमरेपर्यंत भिजल्या. धक्क्यावर बसलेली माणसं हसली. वहिनी पदर पिळून गाडीकडं चालायला लागल्या. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘तुमची यॉट तुमास्नी लखलाभ.’

‘तिला पाण्याची भीती हाय, हे मला कळाय पायजे हुतं,’ आण्णा म्हणाले. ‘आता ती येणार न्हाय. मग शीड उभारू कुणासाठी?’

आण्णांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. वाईट वाटण्यापेक्षा लाज वाटली म्हणणं खरं. साठीतली दोन माणसं आणि मी त्यांना चार गड्यांची होडी दिली होती. कशाच्या जोरावर? माझ्या चार प्रश्नांच्या! आणि ते चारही मी एकाच माणसाला विचारले होते.

रविवारी मी मुरगूडला गेलो. वहिनी गुडघ्याला पट्टा बांधून पडवीत शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सरळ म्हणालो, ‘वहिनी, माझं चुकलं. होडी चुकीची दिली.’

‘होडी चांगली हाय,’ त्या शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या. ‘उचलाय ह्यांच्यासारखं चार असतील तर.’

‘पाण्याची भीती वाटते का तुम्हाला?’

त्यांनी मान वर केली. ‘हे तुमी आज इचारताय व्हय, मिस्त्री? त्या दिशी दुकानात किती वेळ बसलते मी!’

मी चार शेंगा उचलून सोलायला लागलो. बहुधा त्यामुळंच त्या पुढं बोलल्या.

त्यांचं माहेर राधानगरीकडचं. गाव नदीच्या एका काठाला आणि शाळा दुसऱ्या काठाला. पावसाळ्यात पाणी वाढलं की त्यांचे चुलते गुऱ्हाळातली काहील नदीत सोडायचे. गूळ शिजवायची ती कढई, सात-आठ माणसं आत बसतील एवढी. तिच्यात गावची पोरं बसवायची आणि बांबूनं ढकलत पलीकडं न्यायची.

‘चार वर्सं गेलते मी काहिलीतनं,’ वहिनी म्हणाल्या. ‘काकांचा कायदा हुता. काठ हातानं धरायचा, काठावर पाय द्यायचा न्हाय. पाय मधोमध टाकायचा आणि लगीच खाली बसायचं. उभं ऱ्हायलं की पाठीत बांबू. आणि आमचं हे मला सांगत्यात, काठावर पाय दे! मी म्हनाय गेलते, तवर हात वढला. भीती न्हाय वाटली मला. राग आला. आणि लोकं हसली, त्ये लागलं.’

आण्णा दारात उभे होते. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि काहिलीची गोष्ट ते पहिल्यांदा ऐकत होते. ‘ह्ये कधी सांगितलं न्हाईस,’ ते म्हणाले.

‘हंगाम चालू हुता न्हवं तुमचा,’ वहिनी म्हणाल्या.

‘मग आता होडी तुम्ही निवडा,’ मी म्हणालो. ‘आण्णा गप्प बसतील.’

‘बसतो की,’ आण्णा म्हणाले. आणि पुढच्या रविवारी ते खरोखर बसले. तानाजीच्या विहिरीच्या कठड्यावर, तोंडावर रुमाल धरून.

मी तीन होड्या फुगवून ठेवल्या होत्या. वहिनींनी एकीलाही थाप मारली नाही. पहिल्या होडीचं एक टोक धरलं आणि आण्णांना म्हणाल्या, ‘तिकडनं धरा वं. चला बांधापतोर.’ दोघं दहा पावलं गेली आणि वहिनींनी टोक खाली ठेवलं. ‘ही न्हाय.’ दुसरी जरा लांबपर्यंत गेली, पण परत येताना आण्णांना धाप लागली. ‘ही बी न्हाय.’ तिसरी म्हणजे माझ्याकडची सगळ्यात लहान. तळ हवेचा, दोन माणसं आणि दोन पिशव्या बसतील एवढीच. तिला आमचं गिऱ्हाईक खेळणं म्हणायचं. दोघं ती घेऊन बांधापर्यंत गेली, परत आली, आणि येताना वहिनी बोलत होत्या. बोलत चालता येतं, म्हणजे वजन बरोबर आहे. तीस वर्षांत ही कसोटी मला सुचली नव्हती.

मग होडी पाण्यात सोडली. वहिनी शेवटच्या पायरीवर आधी नीट बसल्या. दोन्ही पाय होडीच्या मधोमध ठेवले, काठ धरला आणि सरकून आत गेल्या. मध्ये बसायला आडवी फळी होती. ‘ही काढा. खाली बसाय पायजे,’ त्या म्हणाल्या. मी फळी काढली. त्यांनी गुडघा लांब केला, वल्ही हातात घेतली आणि एक ओढलं. होडी गर्रकन फिरली. दुसरं ओढलं, उलटी फिरली. आण्णांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि माझ्याकडं बघून परत लावला.

‘काहील बी अशीच फिरायची!’ वहिनी खालून ओरडल्या आणि हसायला लागल्या. विहिरीत तो आवाज असा घुमला की उसात भांगलणाऱ्या बायका काय झालं म्हणून कठड्यापाशी आल्या. एकीनं विचारलं, ‘काय वं मावशी, पाणी काढाय गेलाय का?’ वहिनी म्हणाल्या, ‘न्हाय गं, समुद्रावर निघालोय!’ दहाव्या फेरीला होडी सरळ चालायला लागली. तास झाला तरी त्या वर यायला तयार नव्हत्या.

त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. उठताना धरायला आत तळापाशी एक पट्टा, आणि यॉटवर चढताना पाय ठेवायला बाहेरून लोंबणारी एक कडी. घोड्याच्या रिकिबीसारखी. मी दोन्ही स्वतः चिकटवून दिल्या आणि डिंक वाळेपर्यंत दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. आता मी प्रत्येक होडीला ते लावतो. यादीत त्याचं नाव ‘वहिनींचा पट्टा’ असं आहे. गिऱ्हाईक विचारतं कोण वहिनी, आणि मग ही गोष्ट सांगावी लागते. दुकानात आता खुर्च्याही समोरासमोर मांडल्यात. कोपऱ्यात खुर्ची ठेवतच नाही. वहिनींच्या आधी किती बायका त्या कोपऱ्यात बसून गेल्या असतील आणि मी त्यांना फक्त चहा दिला असेल, हे आठवलं की आजही खट्टू होतो.

दिवाळी झाली आणि आण्णांचा फोन आला. मूळचा आवाज परत आला होता. ‘हिकडं या! यॉटवर जेवायला!’ मी न जाण्याची दोन कारणं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली नाहीत.

फोंडा घाट उतरून मी खाडीवर पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं आणि पाणी मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त होतं. लांबवर छोटी पांढरी यॉट उभी होती. तिच्यावरून आण्णा दोन्ही हात हलवत होते. आणि तिच्याकडून धक्क्याकडं माझी होडी येत होती. डोक्याला पदर बांधून, तळाला बसून, वहिनी वल्ही मारत होत्या. सरळ रेषेत. होडीच्या पुढच्या अंगाला रंगानं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘काहील’. एवढ्या होड्या विकल्या, पण आपली होडी कुणाला घेऊन येताना मी कधी अशी समोरून बघितली नव्हती.

त्यांनी होडी पायऱ्यांना लावली आणि मला नीट न्याहाळलं. ‘भावजी,’ त्या म्हणाल्या. मिस्त्रीचा मी भावजी झालो होतो. ‘पाण्याची भीती हाय का तुमास्नी?’

धक्क्यावर माणसं बसली होती. त्यांच्यासमोर काय सांगणार? ‘छे हो,’ मी मोठ्यानं म्हणालो, ‘आमचा धंदाच हा.’

आणि तोऱ्यात पाय उचलला, तो नेमका काठावर ठेवला.

खारं पाणी नाकात गेलं की काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. कमरेएवढ्या पाण्यात मी उभा राहिलो तेव्हा धक्क्यावरची माणसं हसत होती, यॉटवरून आण्णांचा गडगडाट ऐकू येत होता आणि सगळ्यांत जास्त वहिनी हसत होत्या. वल्ही हातातून सुटायची वेळ आली होती. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला धरायला हात पुढं केला.

‘झाली फिटंफाट,’ त्या म्हणाल्या. ‘या आता. मधोमध.’